धुळीचा त्रास

३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वाढदिवसाचे रुमाल सोबत पाठवते आहे. सहाही गडद चॉकलेटी, दरवर्षीसारखेच, म्हणजे तुझ्या धुळीच्या त्रासाचे डाग दिसायला नकोत. माझ्या वयाच्या मुलीने हा रंग का घ्यावा असं दुकानदाराला कोडं पडलं होतं. त्याला सांगितलं, माझी आत्या ग्रंथालयाच्या बांधणीखात्यात जुनी पुस्तकं उसवून पुन्हा शिवते आणि पस्तीस वर्षांची धूळ तिच्या नाकात बसली आहे. त्याने हळहळून सातवा रुमाल फुकट दिला. तो मी ठेवून घेतला आहे.

हे झालं पत्राचं निमित्त. खरी गोष्ट अशी की मी सिगारेट ओढते. ओढत होते. परवा सकाळपासून बंद आहे, म्हणजे हे लिहिताना त्रेपन्न तास झाले. वसतिगृहाच्या गच्चीवर सोळाव्या वर्षी सुरुवात झाली, हल्ली दिवसाला दहा-बारा व्हायच्या. घरी कुणाला माहीत नाही. तुला सांगते आहे, कारण मला कवळ्या बनवायचं काम शिकायला इथे पाठवावं म्हणून बाबांकडे शब्द तू टाकला होतास, आणि ते काम आता जायच्या बेतात आहे.

झालं असं. पक्की कवळी करण्याआधी ती मेणात मांडून माणसाच्या तोंडात बसवून बघतात. मागच्या आठवड्यात एका आजींचे दात मी मांडले होते, म्हणून मास्तरांनी खुर्चीजवळ मलाच उभं केलं. मी आजींचा ओठ वर उचलला तर त्यांनी मान मागे घेतली आणि म्हणाल्या, पोरीच्या बोटांना राखेचा वास येतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या समोर म्हणाल्या. दात मग मास्तरांनी बसवले. संध्याकाळी त्यांनी माझी बोटं नाकाशी धरली आणि सांगितलं की जी बोटं लोकांच्या तोंडात जातात त्यांना कसलाच वास असता कामा नये. आता सहा आठवडे रोज सकाळी ते माझी बोटं हुंगणार. सहा आठवडे कोरे गेले तर मी पुन्हा खुर्चीजवळ, नाहीतर सामान बांधायचं. घरी गेले की बाबा कारण विचारणार, आणि कारण कळलं की माझं शिकणं कायमचं संपलं.

आत्या, अंगात मुंग्या सोडल्यासारखं होतंय. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. हे पत्र मी चार ठिकाणी बसून लिहिलं. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

लोभ आजवर केलास तेवढाच राहू दे, कमी करू नकोस.

तुझी
भिंगरी


७ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रुमाल पोचले, पत्रही पोचलं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा तुझ्या बापाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून, आणि तिसऱ्यांदा नुसती ते त्रेपन्न तास धरून बसले. त्यात रागवायचं राहून गेलं. तुला आम्ही उगीच भिंगरी म्हणत नव्हतो. पाळण्यातसुद्धा तू कधी एका कुशीवर पाच मिनिटं झोपली नाहीस. तेव्हा अंगातल्या अर्ध्या मुंग्या जन्माच्या आहेत असं धर, आणि उरलेल्या अर्ध्यांचं काय करायचं ते बघू.

एक करायचं. तलफ आली की मला पत्र लिहायचं. तलफ दिवसभर बसून राहत नाही. दहा मिनिटं गळा धरते आणि सोडते, आणि दहा मिनिटांत एक कागद भरतो. फोन करू नकोस. फोनवर बोलताना एक हात मोकळा राहतो आणि मोकळा हात बरोबर खिशाकडे जातो. लिहिताना एका हातात पेन असतं आणि दुसऱ्याने कागद धरावा लागतो. हे मला कुठून कळलं ते विचारत बसू नकोस. ग्रंथालयात सगळ्या विषयांची पुस्तकं येतात आणि बांधता बांधता थोडी वाचून होतात.

सोबत कागदाची घडी दाबायची माझी जुनी पट्टी पाठवते आहे. बोटाएवढी आहे, बोटांना चाळा म्हणून ठेव. हाडाची आहे, चावू नकोस.

घरी मी काही कळवणार नाही. पण शब्द मी टाकला होता, तेव्हा उद्या नाक कापलं गेलं तर माझंही जाईल. तुला यात एकटीला सोडायची नाही असं मी आज सकाळी ठरवलं आहे. कसं ते माझं मी बघते.

इकडे एका बंद पडलेल्या शाळेची सहाशे पुस्तकं आली आहेत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि ग्रंथपालांना सगळी डिसेंबरच्या आत हवी आहेत.

माया आहे तशीच आहे, तिचा घोर तू करू नयेस.

तुझी
आत्या


११ सप्टेंबर, सकाळी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तलफ आली आहे. चहा संपला आणि आली. तिला चहानंतर यायची सवय आहे. पट्टी उजव्या हातातून डाव्यात, डाव्यातून उजव्यात. कामाला निघायला सात मिनिटं आहेत. काल एकदा चावली, माफ कर.

त्याच दिवशी, दुपारी

पुन्हा. मेण मऊ करायला आमच्याकडे स्पिरिटचा दिवा असतो, आणि तो पेटवायला लायटर. दिवसातून वीस वेळा तो लायटर माझ्या हातात येतो. अंगठ्याला वाटतं आता पुढचं काम. अंगठ्याला कोण समजावणार. मी मास्तरांना सांगून काडेपेटी आणली आहे. मास्तरांनी लायटर उचलून कपाटात टाकला.

१३ सप्टेंबर

आज मी रडले, बसच्या थांब्यावर, बस वेळेवर आली म्हणून. मला उशिरा हवी होती, चालत जायचं होतं. एका बाईंनी मला पाणी दिलं.

डॉक्टरीणबाईंच्या नर्सबाईंनी मला एक छापील कागद दिला आहे. सोडल्यावर काय काय होतं त्याची यादी आहे. चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न लागणं, भलती स्वप्नं, सारखी भूक, लक्ष न लागणं, डोकं दुखणं, पोट साफ न होणं, उगीच रडू. मी वाचून बघितलं तर माझं एकही राहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, पहिला आठवडा सगळ्यात वाईट, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत उतरतं, आणि लहान वयात लागलेलं लवकर मुरतं म्हणून चारच वर्षं झाली असं म्हणू नकोस. कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

१४ सप्टेंबर

आज मोठी चूक केली. एका आजोबांचे वरचे दात मेणात मांडत होते. उजवा सुळा डावीकडे बसवला आणि डावा उजवीकडे. पहिल्या महिन्यातली मुलगीसुद्धा हे करत नाही, दोन्ही सुळ्यांची वळणं वेगळी असतात. मास्तरांनी बिजागरीचा नकली जबडा दोनदा उघडला, दोनदा मिटला आणि विचारलं, हे आजोबा आरशात राहतात का. सगळे हसले. मी मेणाची सुरी आपटली आणि बाहेर गेले. बाहेर जाऊन करायला काहीच नव्हतं म्हणून परत आत आले. दात काढून पुन्हा मांडले. बोटं मात्र रोज सकाळी कोरी निघताहेत, चौदा दिवस झाले.

माझा लोभ या खाडाखोडीतून वाचून घ्यावास.

भिंगरी


१८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझी चारही तुकड्यांची चिठ्ठी मिळाली. आजोबा आरशात राहतात का हे वाचून मी मोठ्याने हसले आणि मग ग्रंथपालांवर ओरडले. हसण्यात मध्येच येऊन त्यांनी खिडकी लावली म्हणून. एकोणतीस वर्षं आम्ही एका इमारतीत काम करतो, मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

हल्ली माझं काही खरं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असावा. एक जाडजूड प्रवासवर्णन शिवून बांधून दिलं, सोनेरी अक्षरं टाकून, आणि त्यातला एक अख्खा फर्मा मी उलटा शिवला होता. सोळा पानं डोक्यावर उभी. बांधणीखात्याच्या इतिहासात असं झालेलं नाही. ज्या वाचकाने ते नेलं त्याने परत करताना आत चिठ्ठी ठेवली की सोळा पानं पुस्तक फिरवून वाचली, मानेला व्यायाम झाला, आभारी आहे. ग्रंथपालांनी ती चिठ्ठी सूचनाफलकावर लावली. मी ती काढून फाडली. त्यांनी जपून ठेवलेली प्रत पुन्हा लावली.

शिवाय पुठ्ठे चिकटवायचा हा नवा सरस. इतका घाण वास येतो की दुपारचा डबा खाववत नाही. दुकानदाराला बोलावून चांगलं झापलं, तर तो म्हणतो बाई, वीस वर्षं हाच देतोय. डबा खाववत नाही म्हणते, पण घरी आल्यावर अख्खा पाव संपवते. झोपेचं तर नावच नको. पहाटे डोळा लागतो तेव्हा स्वप्नात मी काहीतरी शोधत असते आणि ते सापडत नाही.

माझी रड पुरे. हवा बदलते आहे, दुसरं काय. चौदा दिवस म्हणजे अर्धी लढाई झाली. पट्टी चावलीस त्याबद्दल दंड म्हणून रोज एक पत्र जास्त.

आहे तसं प्रेम पोचतं करते.

आत्या


२५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल मी ओढली.

एकच, पण पूर्ण. कारण सांगू म्हटलं तर कारण नाही, हेच वाईट आहे. दिवस चांगला गेला होता. आरशातल्या आजोबांची कवळी पक्की होऊन गेली, बसली, त्यांनी बिस्किट चावून दाखवलं. मी आनंदाने खाली उतरले, कोपऱ्यावरच्या टपरीवर सुटी एक घेतली आणि भिंतीशी उभं राहून ओढली. वहीत पत्राचा कागद होता, पेन होतं, पट्टी खिशात होती. एकाचीही आठवण झाली नाही. चोवीस दिवस होते, आत्या.

पुढचं त्याहून वाईट. आज सकाळी बोटं हुंगायची वेळ येणार म्हणून मी कामावर लवकर गेले आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीतलं लवंगेचं तेल बोटांना चोळलं. मास्तरांनी हात हातात घेतला, हुंगला, आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, मेणावर काम करणाऱ्या मुलीच्या हाताला लवंग लागायचं काही कारण नाही. आज एक तारीख समजायची, सहा आठवडे आजपासून. दुसऱ्यांदा लवंग आली तर मोजणी नाही, मोटार-स्टँड. एवढं बोलून त्यांनी मला काम दिलं.

मला वाटतं मला हे जमणार नाही. ओढताना मजासुद्धा आली नाही, चक्कर आली, आणि तरी संपेपर्यंत टाकवली नाही. अशा माणसाने काय करायचं? तूच सांग. तू कधी कुठल्या गोष्टीला अशी बांधली गेली नाहीस, तुला बाहेरून नीट दिसत असेल.

तुझी, अजून असेन तर,
भिंगरी


२८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र आत्ता मिळालं. आनंदाचा दिवस होता म्हणून ओढली हे वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. दुःखात ओढली असतीस तर समजून घेतलं असतं. आणि वर लवंगेचं तेल. चुकण्यापेक्षा लपवणं हलकट, हे तुला या घराने शिकवलं नाही का? तुझ्याने होणार नसेल तर तसं सांग, मी उद्याच तुझ्या बापाला सगळं कळवते आणि तो तुला घेऊन जाईल. माणसाला स्वतःचा हात आवरता येत नसेल तर त्याने दुसऱ्याच्या तोंडात घालू नये.

अधिक लिहिण्यासारखं नाही.

आत्या


४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तुला आयुष्यात पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं. ते पाच दिवस टिकलं. त्या पाच दिवसांत तलफ आली की मी कागद काढायची, ती. आत्यास लिहायची आणि फाडायची. फाडायलासुद्धा दोन्ही हात लागतात, त्यामुळे तुझी युक्ती चाललीच. आज पुन्हा मोजून दहावा दिवस आहे.

काल कपाट उघडलं, पोटाची गोळी हवी होती. समोर नर्सबाईंचा कागद. चिडचिड वाचलं आणि मला ग्रंथपाल आठवले. लक्ष न लागणं वाचलं आणि उलटा फर्मा आठवला. सारखी भूक म्हटल्यावर अख्खा पाव. झोप, स्वप्नं. मी तुझं अठरा तारखेचं पत्र काढलं आणि त्या कागदाशेजारी धरलं. आत्या, माझी यादी आणि तुझं पत्र एकच आहे.

आणि सरस. त्या आठवड्यात मलाही मेणाचा वास नव्याने यायला लागला होता. नर्सबाई म्हणाल्या, सोडल्यावर नाक जागं होतं. वीस वर्षं तोच सरस असेल तर बदललं ते तुझं नाक. पण तू तर सिगारेट ओढत नाहीस, तुझे ओठ, तुझे कपडे, सगळं मला ठाऊक आहे. मग मी तो सातवा रुमाल काढला. चॉकलेटी. दरवर्षी आई म्हणते गडदच घे, वन्संना धुळीचा त्रास आहे, फिके रुमाल धुऊन निघत नाहीत. मी तुझ्या त्या खोलीत सुट्ट्यांमध्ये दिवसदिवस बसले आहे. तिथली धूळ राखाडी असते, आत्या. माझे मोजे राखाडी व्हायचे. चॉकलेटी कधी झाले नाहीत.

लहानपणी तू खिडकीकडे तोंड करून उभी राहायचीस आणि मला सांगायचीस की दोरा संपलाय का बघ. दोरा कधी संपलेला नसायचा.

तपकीर, ना? आम्हा सगळ्यांसमोर इतकी वर्षं नाकाने कांदे सोलत होतीस आणि आम्ही रुमाल आणून देत होतो. मला हसू येतं आहे आणि रडूही. पण मुख्य म्हणजे मला खरं उत्तर हवं आहे. नसेल द्यायचं तर बाबांना कळव, माझी हरकत नाही.

लोभ आहे की नाही ते उत्तरावरून ठरवेन.

भिंगरी


८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

होय. तपकीर. पस्तीस वर्षं.

एकोणीस वर्षांची असताना बांधणीखात्यात लागले. तिथले जुने बांधणीकार दिवसभर ओढायचे. पहिल्याच हिवाळ्यात मला झोप येते म्हणून त्यांनी एक चिमूट दिली, डोकं लख्ख झालं. महिन्याभरात माझी स्वतःची डबी होती. पहिल्यांदा घरी नाक पुसताना आईने रुमाल बघितला आणि म्हणाली, अगबाई, किती ती धूळ. मी खोटं बोलले नाही, फक्त हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. मग तिने गडद रुमाल आणले. मग तुझ्या बापाने, मग तुझ्या आईने, मग तू. घरातल्या कुणाकडूनही रुमाल आला की माझा जीव जायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच रुमाल खिशात घालून मी कामावर जायची.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी चिमूट बोटांत होती. आजी म्हणाल्या बोटांना राखेचा वास येतो हे वाचलं आणि मी माझी बोटं बघितली. ज्या मुलीला मी सांगणार सोड, तिने सोडायचं आणि मी चालू ठेवायचं, हे मला जमेना. डबी बंद केली. वाटलं, पोरगी चार वर्षांची सवय सोडते, आपण मोठ्या आहोत. भिंगरी, मला काही कल्पना नव्हती. तुझ्या पत्रांत तू लिहायचीस तसं मला इकडे व्हायचं आणि मी तुला धीर देत बसायची. तुझी पत्रं यायची त्या दिवशी मला बरं जायचं. म्हणून दंड ठोकून रोजचं एक जास्त मागितलं, तुझ्यासाठी नव्हे.

आता अठ्ठावीस तारीख. त्या सकाळी, बाविसाव्या दिवशी, मी डबी उघडली. कारण मलाही सांगता येत नाही. एक चिमूट, आणि इतक्या दिवसांनी घेतल्यामुळे सात शिंका आल्या. ग्रंथपाल दारातून डोकावून म्हणाले, धुळीचा त्रास पुन्हा सुरू झाला वाटतं. मी हो म्हणाले. डोळ्यांतलं पाणी पुसते न पुसते तोच टपाल आलं आणि त्यात तुझं पत्र. मग मी जे लिहिलं ते तुला लिहिलं नाही. पत्ता तेवढा तुझा होता. लपवणं हलकट हे मी कुणाला म्हणत होते ते आता तुला कळलं असेल. तू लवंगेचं तेल एक सकाळ लावलंस. आणि मला पक्कं माहीत आहे की तू ते लगेच कुणाला तरी सांगितलंस. मला सांगितलंस. मी पस्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

माफी मागते. हा शब्द आपल्या घरात मोठे वापरत नाहीत, म्हणून स्वच्छ अक्षरात लिहिते आहे.

एकोणतीसपासून मीही पुन्हा पहिल्यापासून मोजते आहे. म्हणजे तू माझ्यापुढे चार दिवस आहेस. डबी मला टाकवत नाही, तेव्हा मी ती एका रद्दी पुस्तकाच्या पुठ्ठ्यात घालून चारही बाजूंनी शिवली आहे. बारा टाके एका बाजूला. ते उसवायला मला दहा मिनिटं लागतील, आणि दहा मिनिटांचं गणित आपल्याला माहीत आहे. बापाला कळवायचं असेल तर तू माझं कळव.

लोभ मागायचा अधिकार राहिला असेल तर मागते.

आत्या


१ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मधल्या तीन आठवड्यांत आधी रोज, मग दिवसाआड पत्रं आली, मग दोन दिवसांनी, आणि आता सहा दिवस झाले एकही नाही. मला समजतं. पत्र नाही म्हणजे तलफ नाही, आणि आपण हे सगळं त्यासाठीच केलं. तरी टपालाच्या वेळेला मी सुई खाली ठेवते. काल टपालवाल्याने नुसतेच हात हलवले तर त्याच्यावर डाफरले, आणि हे त्या यादीतलं नव्हतं.

माझे चौतीस दिवस झाले. टाके शाबूत आहेत. नंबर तपासून आले, चष्मा होता तोच आहे. ग्रंथपालांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, बाई, मला एकोणतीस वर्षांपासून माहीत आहे, पण तुम्ही धूळ म्हणत होता म्हणून मी झाडू मारणारा वाढवून घेतला. असं माणसाच्या भिडेने किती खर्च होतो बघ.

सहा तारखेला तुझी खुर्ची आहे. काय होईल ते आधी मला कळव. माझा जीव त्या खुर्चीला टांगला आहे.

आठवण आहे, एवढंच.

आत्या


८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा मास्तरांनी सकाळी माझी बोटं हुंगली, सोडली, आणि उद्यापासून हे बंद असं म्हणाले. दुपारी एक बाई आल्या, वयाने तुझ्याएवढ्या. पुढचे चार दात अपघातात गेलेले, तोंडावर सारखा हात. मी त्यांचा ओठ उचलला. त्या मागे सरकल्या नाहीत. मेणाचे दात बसवून मी आरसा दिला. त्या बघत राहिल्या, मग तोंडावरचा हात खाली मांडीवर ठेवला आणि तो पुन्हा वर नेला नाही. जाताना मास्तरांना म्हणाल्या की या मुलीची बोटं तोंडात असल्याचं कळतसुद्धा नाही. मास्तरांनी मान हलवली. मी आतल्या खोलीत जाऊन पाच मिनिटं प्लास्टरच्या पोत्याकडे बघत उभी राहिले.

बाबांना मी माझं लिहून टाकलं आहे. तुझं लिहिलं नाही, ते तुझं तू. बाबांचं उत्तर दोन ओळींचं आलं, पहिल्या ओळीत रागावले आहेत आणि दुसरीत विचारलं आहे की जेवतेस ना नीट.

सोबत एक रुमाल पाठवते आहे. दुकानदाराने सवयीने चॉकलेटी काढले होते, मी ते परत ठेवायला लावले. हा पांढरा आहे. नाताळच्या सुट्टीत येईन तेव्हा मला दाखव. डाग असला तरी दाखव, मी ओरडणार नाही, आपण पुन्हा एकपासून मोजू.

आणखी एक. आज तलफ आलेली नाही. काल आली नव्हती, परवा खुर्चीजवळही आली नाही. चहा केव्हाच संपला, हात मोकळे आहेत, पट्टी टेबलाच्या त्या टोकाला पडली आहे. पत्र लिहायचं काहीच कारण नव्हतं.

उद्याही लिहीन.

तुझी
भिंगरी